मेंदूचे मोजमाप आणि माणसाचा हक्क

यंदाच्या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा सायमन लव्हे या मेंदूशास्त्रज्ञाच्या पुस्तकांविषयी बोलू, असे आम्ही सांगितले. चालक क्षणभर घुटमळले. कामगार चळवळीत तीस वर्षे घालवलेल्या माणसाकडून किमान वेतन, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता असा काही विषय येईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. लव्हे यांची पुस्तके तर लैंगिकता, मेंदू आणि शास्त्रीय संशोधन यांवरची; आणि जगाला त्यांचे नाव कळले तेही समलिंगी आकर्षणाच्या संशोधनामुळे. सभेला आयाबहिणी येतात, शाळकरी मुले येतात, हे चालकांनी बोलून दाखवले नाही. पण ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

आम्ही त्यांना र. धों. कर्व्यांची आठवण करून दिली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला, पण मासिक बंद पडले नाही. ज्या भाषेत हे सारे नव्वद वर्षांपूर्वी होऊन गेले, त्या भाषेने आज या विषयापुढे संकोचावे असे काही नाही. चालकांनी हे मान्य केले, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

आणखी एक खुलासा करावयास हवा. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. दहावीनंतर आम्ही कारखान्यात लागलो. त्यापुढचे जे काही शिक्षण झाले, ते नगरवाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात, शब्दकोश मांडीवर घेऊन झाले. यास्तव पुढे जे सांगावयाचे आहे ते एका वाचकाचे सांगणे आहे, एवढे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

या पुस्तकांकडे आम्ही कसे वळलो

गोष्ट २००४ सालची. आमची संघटना ज्या कारखान्यांत काम करीत होती, त्यांपैकी एका इंजिनिअरिंग कारखान्यात एक टर्नर होता. वय तिशीचे. हात इतका बसलेला, की त्याने लेथवर काढलेला शाफ्ट तपासनीस दुसऱ्यांदा मोजत नसे. तो एका मित्राबरोबर खोली घेऊन राहत असे. या दोघांचे नाते काय आहे, हे कोणाला तरी कळले आणि आठवड्याभरात साऱ्या शॉपला कळले. संडासाच्या भिंतीवर त्याचे नाव लिहिले गेले. कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर कोणी बसेना. महिन्याभराने व्यवस्थापनाने त्याला बोलावले आणि शिस्तीचे व कारखान्याच्या लौकिकाचे कारण पुढे करून सांगितले, की राजीनामा दे, नाहीतर चौकशी लावू. त्या काळी १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ पूर्णपणे अमलात होते. पोलिसांचे नुसते नाव काढले तरी अशा माणसाचे पाय गळून जात.

तो संघटनेच्या कचेरीत आला. "भाऊ, माझ्या कामात काही खोट आहे का?" असे त्याने विचारले.

आम्ही म्हणालो, "काम तुझं चोख आहे रे. पण हा मामला वेगळा आहे. यात युनियन काय करणार?"

"मग युनियन करते कशात, भाऊ?"

या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले नाही. आठ दिवसांनी त्याने राजीनामा दिला. त्याच महिन्यात एका कामगाराचा कापलेला अर्ध्या दिवसाचा पगार परत मिळावा म्हणून आम्ही गेट मीटिंग घेतली होती, आणि ती चांगली तासभर चालली होती. अर्ध्या दिवसाच्या पगारासाठी ज्यांना शब्द सापडले, त्यांना एका माणसाच्या अख्ख्या नोकरीसाठी ते सापडले नाहीत.

पुढे काही वर्षांनी मुंबईत फोर्टातल्या पदपथावर जुनी पुस्तके चाळताना लव्हे यांचे 'क्विअर सायन्स' हाती आले. मुखपृष्ठ पाहून आम्हांला त्या टर्नरची आठवण झाली आणि खरे सांगावयाचे तर, आपण चुकलो की नाही याचा निकाल शास्त्राकडून मिळेल, या आशेने आम्ही ते विकत घेतले. तसा निकाल मिळाला नाही. तो का मिळाला नाही, हेच आज सांगावयाचे आहे.

संशोधक आणि त्याचे संशोधन

सायमन लव्हे यांचा जन्म १९४३ चा, इंग्लंडमधील ऑक्सफर्डचा. केंब्रिजला शिक्षण, जर्मनीतील गटिंगेन येथे डॉक्टरेट, आणि पुढे अमेरिकेत हार्वर्डला संशोधन. तेथे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोघांबरोबर त्यांनी काम केले. डोळ्यांनी पाहिलेले मेंदूत कसे मांडले जाते, या शोधाबद्दल या दोघांना पुढे १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९८४ पासून लव्हे कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत होते. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग त्यांनी दृष्टीच्या अभ्यासात घालवला. लैंगिकतेशी त्या कामाचा काही संबंध नव्हता.

लव्हे स्वतः समलिंगी आहेत आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. त्यांचा अनेक वर्षांचा जोडीदार, जो पेशाने डॉक्टर होता, १९९० मध्ये एड्सने वारला. या दुःखानंतर त्यांनी आपल्या संशोधनाची दिशा बदलली.

त्यांनी काय केले ते समजण्यासाठी मेंदूच्या एका भागाची ओळख करून घेतली पाहिजे. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो. त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. भूक, तहान, शरीराची उष्णता, ग्रंथींतून पाझरणारी संप्रेरके आणि कामप्रेरणा, या सर्वांवर त्याची देखरेख असते. कारखान्यात बॉयलरखान्याचे जे स्थान, तेच शरीरात याचे, असे म्हणता येईल. याच्या पुढच्या भागात मज्जापेशींचे चार अगदी लहान पुंजके आहेत. त्यांपैकी तिसरा पुंजका पुरुषांत स्त्रियांपेक्षा मोठा असतो, असे लॉरा ॲलन आणि रॉजर गॉर्स्की यांनी १९८९ मध्ये दाखवले होते. लव्हे यांनी पुढचा प्रश्न विचारला: पुरुषांकडे आकर्षित होणाऱ्या पुरुषांत हा पुंजका केवढा असतो?

त्यांनी ४१ मृत व्यक्तींचे मेंदू तपासले. त्यांत १९ समलिंगी पुरुष, १६ भिन्नलिंगी समजले गेलेले पुरुष आणि ६ स्त्रिया होत्या. प्रत्येक नमुन्याला नुसता क्रमांक दिलेला होता. आपण कोणाचा मेंदू मोजतो आहोत हे मोजताना त्यांना ठाऊक नव्हते. आपल्या मनासारखा आकडा निघावा, असा मोह हाताला होऊ नये म्हणून ही काळजी. ज्या शॉपमध्ये माल करणारा आणि माल तपासणारा वेगळा असतो, तेथील कामगारास तिचे महत्त्व सांगावयास नको.

निष्कर्ष असा निघाला, की भिन्नलिंगी पुरुषांत हा पुंजका सरासरी ०.१२ घन मिलिमीटर होता. समलिंगी पुरुषांत आणि स्त्रियांत तो त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. वाळूच्या एका कणाएवढ्या जागेतला हा फरक. 'सायन्स' या नियतकालिकात ऑगस्ट १९९१ मध्ये हा निबंध आला आणि दुसऱ्या दिवसापासून जगातील वृत्तपत्रांनी 'समलिंगी माणसाचा मेंदू वेगळा' असे मथळे देण्यास सुरुवात केली.

काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही

आता येथे सावकाश गेले पाहिजे. लोहाराच्या आणि कारकुनाच्या हातांची तुलना केली, तर लोहाराच्या हाताला घट्टे आढळतील. म्हणून घट्टे होते म्हणून तो लोहार झाला, असे कोणी म्हणणार नाही. घण मारून मारून घट्टे पडले. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणजे कोणती आधी आणि कोणती नंतर याचा उलगडा होत नाही. लव्हे यांनी मोजलेले मेंदू प्रौढ माणसांचे होते. तो फरक जन्मापासूनचा की आयुष्यात पुढे झालेला, हे त्या मोजमापातून कळण्याचा मार्ग नव्हता.

दुसरी अडचण अशी, की त्यांनी तपासलेले सर्व समलिंगी पुरुष एड्सने वारलेले होते. रोगाने किंवा औषधाने पुंजका लहान झाला असेल काय? ही शंका लव्हे यांनाही होती. म्हणून त्यांनी एड्सने वारलेल्या ६ भिन्नलिंगी पुरुषांचे मेंदूही तपासले, आणि त्यांचे पुंजके लहान नव्हते. शंका यामुळे कमी झाली, पण पुरती गेली नाही.

तिसरी अडचण, आकड्यांची सरमिसळ. काही समलिंगी पुरुषांचा पुंजका मोठा होता, काही भिन्नलिंगी पुरुषांचा लहान होता. म्हणजे एखाद्याचा मेंदू समोर ठेवून हा माणूस कोण होता, हे खात्रीने सांगता येत नाही. चौथी अशी, की 'भिन्नलिंगी' म्हणून धरलेल्या १६ पैकी १४ जणांच्या रुग्णालयीन कागदांत त्यांच्या लैंगिक कलाविषयी एक अक्षरही नव्हते. ते तसे असावेत असे धरून चालले गेले. आणि स्त्रियांकडे आकर्षित होणाऱ्या स्त्रियांविषयी तर या संशोधनात काहीच नव्हते.

या अडचणी आम्ही शोधून काढलेल्या नाहीत. त्यांपैकी बऱ्याचशा लव्हे यांनी आपल्याच निबंधात लिहून ठेवल्या होत्या. समलिंगी आकर्षण आनुवंशिक आहे असे आपण सिद्ध केलेले नाही आणि मेंदूत त्याचे एखादे 'केंद्र' आपल्याला सापडलेले नाही, हे ते पुढे वर्षानुवर्षे मुलाखतींतून बजावीत राहिले. मथळे मात्र मथळ्यांच्या वाटेने गेले.

१९९१ नंतर काय झाले तेही सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कच्या विल्यम बाइन यांनी हीच तपासणी पुन्हा केली आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्रीपुरुषांतील फरक पक्का ठरला. समलिंगी पुरुषांत पुंजका लहान असण्याकडे झुकाव दिसला, परंतु त्यातील पेशींची संख्या मात्र भिन्नलिंगी पुरुषांइतकीच निघाली. मेंढ्यांच्या कळपात काही नर फक्त नरांकडेच जातात, ही धनगरांच्या पाहण्यातली गोष्ट. अमेरिकेत ऑरेगन येथे चार्ल्स रोझेली यांनी २००४ मध्ये अशा नरांचे मेंदू तपासले, तेव्हा तशाच एका पुंजक्याच्या आकारात तसाच फरक आढळला. थोरल्या भावांची संख्या वाढते तसतशी धाकट्या मुलाचे आकर्षण पुरुषांकडे असण्याची शक्यता थोडीथोडी वाढते, हेही अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. आणि २०१९ मध्ये ४ लाख ७० हजारांहून अधिक लोकांच्या जनुकांची तपासणी झाली. तीत असा एकच एक जनुक सापडला नाही. बारीक परिणाम करणाऱ्या पाच जागा सापडल्या, आणि जनुके पाहून कोणाचेही वर्तन आधी सांगता येणार नाही, हे संशोधकांनी स्पष्ट केले.

लव्हे यांचे स्वतःचे मत, 'गे, स्ट्रेट, अँड द रीझन व्हाय' या २०१० च्या पुस्तकात त्यांनी मांडले आहे. जन्मापूर्वी गर्भाच्या मेंदूवर होणारा संप्रेरकांचा परिणाम हा या गोष्टीचा मुख्य भाग आहे, असे त्यांना वाटते. आईबापांचे वळण, वाईट संगत किंवा मनाचा कमकुवतपणा ही कारणे मात्र पुराव्यापुढे टिकत नाहीत. जे आईबाप 'आमचे काय चुकले' म्हणून रात्री जागतात, त्यांनी निदान एवढे ऐकून घरी जावे.

तेच सत्य, दोन हातांत

'क्विअर सायन्स' हे १९९६ चे पुस्तक. आमच्या मते लव्हे यांच्या पुस्तकांत ते सर्वांत मोलाचे. या संशोधनाचा उपयोग आणि दुरुपयोग कसा झाला, याचा तो इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात बर्लिनच्या डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांच्यापासून होते.

हिर्शफेल्ड यांनी १८९७ मध्ये एक समिती स्थापन केली. पुरुषांतील अशा संबंधांना शिक्षा ठरवणारे जर्मन दंडसंहितेतील कलम १७५ रद्द व्हावे, ही तिची मागणी. विज्ञानाच्या मार्गाने न्यायाकडे, हे तिचे ब्रीद. हिर्शफेल्ड यांची अशी श्रद्धा होती, की हे आकर्षण निसर्गदत्त आहे असे एकदा दाखवून दिले, म्हणजे कायदा आपोआप गळून पडेल. १९१९ मध्ये त्यांनी बर्लिनला लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. १९३१ मध्ये ते भारतातही येऊन गेले.

पुढे काय झाले? ६ मे १९३३ रोजी नाझींनी ती संस्था लुटली आणि चार दिवसांनी तिची पुस्तके चौकात जाळली. हिर्शफेल्ड परदेशात होते. ते पुन्हा जर्मनीत परतले नाहीत. निसर्गदत्त आहे, हे म्हणणे नाझी डॉक्टरांना अडचणीचे वाटले नाही. शरीरात बिघाड आहे ना, मग तो दुरुस्त करू, नाहीतर माणूस नाहीसा करू, असा त्यांचा हिशेब. १९४४ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत कार्ल व्हेर्नेट या डॅनिश डॉक्टराने अशा कैद्यांच्या शरीरात संप्रेरकांच्या गोळ्या बसवून पाहिल्या. त्यापूर्वी व्हिएन्नात स्टाइनाख यांच्या सिद्धांतावरून वृषणांचे रोपण करून 'बरे' करण्याचे प्रयोग झालेच होते. आणि इंग्लंडसारख्या लोकशाही देशात १९५२ मध्ये गणिती ॲलन ट्युरिंग यांच्यापुढे तुरुंग की संप्रेरकांची इंजेक्शने, असा पर्याय ठेवण्यात आला. दोन वर्षांनी त्यांचा अंत झाला.

उलट्या बाजूचे उदाहरणही याच इतिहासात आहे. अमेरिकेत एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या घेतल्या आणि नावे झाकून त्या तज्ज्ञांपुढे ठेवल्या. कोणता कागद कोणाचा, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. १९५७ मध्ये हा निबंध छापला गेला. १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी आकर्षण हे रोगांच्या यादीतून काढले, त्यामागे या निबंधाचा मोठा आधार होता.

या दोन उदाहरणांचा भेद श्रोत्यांनी नीट पाहावा. हिर्शफेल्ड कारण शोधीत होते, आणि ते कारण शत्रूच्या हाती शस्त्र म्हणून गेले. हूकरबाईंनी कारण शोधलेच नाही. ही माणसे आजारी आहेत हा तुमचा आरोप आहे, तर तो तपासून पाहू, एवढेच त्यांनी केले. कामगारांच्या भाषेत सांगावयाचे, तर आरोप करणाऱ्याने पुरावा द्यावा, हे तत्त्व त्यांनी प्रयोगशाळेत नेले.

हे आकर्षण जन्मजात आहे असे मानणारे लोक अधिक सहिष्णू असतात, असे मतचाचण्यांत दिसते, म्हणून या संशोधनाचा उपयोग आहेच, असे लव्हे यांना वाटते. ते आम्हांला पटते, पण अर्धेच. हक्क जर वाळूच्या कणाएवढ्या पुंजक्यावर उभा केला, तर उद्या नवे मोजमाप येऊन तो कण सरकला, म्हणजे हक्कही सरकेल. धर्म हा कोणी जन्मजात मानीत नाही; तरी तो पाळण्याचा हक्क आपण मानतो. युनियनचे सभासदत्व तर कोणाच्याच मेंदूत कोरलेले नसते. तरी त्यासाठी माणसे गोळ्या झेलून गेली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरते कलम ३७७ रद्दबातल केले. त्या निकालात शास्त्राचा उल्लेख आहे, परंतु पाया आहे तो राज्यघटनेतील समतेचा, प्रतिष्ठेचा आणि खाजगी जीवनाच्या हक्काचा.

शास्त्र चुकते तेव्हा

कोणी म्हणेल, की मग शास्त्राचा उपयोग काय? त्याचे उत्तर लव्हे यांच्याच दुसऱ्या एका पुस्तकात आम्हांला मिळाले. २००८ चे 'व्हेन सायन्स गोज राँग'. शास्त्र आणि तंत्र फसल्याच्या बारा कहाण्या त्यात आहेत. त्यांपैकी दोन सांगितल्यावाचून राहवत नाही.

पहिली लॉस एंजेलिस शहराच्या उत्तरेकडील सेंट फ्रान्सिस धरणाची. ते बांधणारे विल्यम मुल्होलंड आयर्लंडहून आलेले, पाण्याचे चर साफ करणारे मजूर म्हणून कामाला लागलेले आणि स्वतःच पुस्तके वाचून इंजिनिअर झालेले गृहस्थ. या शहराला दूरवरून पाणी आणून देणारा कालवा त्यांनीच १९१३ मध्ये पुरा केला. धरण बांधताना मात्र त्यांनी पाया न रुंदावता उंची दोनदा वाढवली. डोंगराचा खडक कसा आहे, हे बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घेतले नाही. १२ मार्च १९२८ च्या सकाळी धरणाच्या रखवालदाराने गढूळ पाणी झिरपताना पाहिले आणि कळवले. मुल्होलंड स्वतः आले, त्यांनी पाहिले आणि काळजीचे कारण नाही म्हणून निघून गेले. त्याच मध्यरात्री धरण फुटले. चारशेहून अधिक माणसे गेली. रखवालदार आणि त्याचे कुटुंबही गेले. मुल्होलंड यांनी चौकशीत सारा दोष आपल्या अंगावर घेतला. चौकशीच्या पंचांनी लिहिले, की एवढे मोठे धरण कधीही एकट्या माणसाच्या निर्णयावर सोडू नये. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पुण्याने काय भोगले, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना या कहाणीचे निराळे स्पष्टीकरण नको.

ही कहाणी आम्हांला विशेष लागली, कारण आम्हीही मुल्होलंड यांच्यासारखे स्वतःच शिकलेले. अशा माणसाचा गुण म्हणजे तो अडत नाही. आणि दोष म्हणजे आपले चुकले असेल असे सांगणारा गुरुजी त्याच्या आयुष्यात आलेला नसतो. २००४ साली कचेरीत त्या टर्नरला 'हा मामला वेगळा आहे' असे सांगताना आम्हीही कोणाला विचारले नव्हते. कार्यकारिणी बोलावली नव्हती. वकिलाला विचारले नव्हते. रखवालदाराने गळती दाखवली आणि आम्ही बघून निघून गेलो, असाच तो प्रकार होता.

दुसरी कहाणी अमेरिकेत आयडाहो येथील एका छोट्या अणुभट्टीची. ३ जानेवारी १९६१ रोजी तिची मधली दांडी काही इंच उचलावयाची, ती सुमारे २० इंच उचलली गेली आणि तिघे तंत्रज्ञ ठार झाले. का उचलली गेली, हे कधीच नक्की कळले नाही. परंतु अफवा उठली ती मृतांपैकी एकाच्या खाजगी आयुष्याची, बायकांच्या भानगडीची. वास्तविक, एकच दांडी वर गेल्याने भट्टी बेफाम व्हावी, ही रचनाच सदोष होती, आणि पुढच्या भट्ट्यांत ती सुधारावी लागली. मेलेल्या कामगाराच्या चारित्र्याची चर्चा सुरू झाली की यंत्राची चर्चा थांबते, हे आम्ही कित्येक अपघातांच्या चौकशीत पाहिले आहे.

शास्त्राचा उपयोग हा असा. ते चुकते, पण चूक कोठे झाली ते उघडपणे लिहून ठेवते आणि दुसऱ्याला मोजू देते. लव्हे यांच्या मोजमापावर बाइन यांनी पुन्हा मोजमाप केले, याचा लव्हे यांना अपमान वाटला नाही. आपल्या चळवळीने शास्त्राकडून घ्यावयाचे ते हे.

शेवटी

२०१८ च्या निकालानंतर आम्ही त्या टर्नरचा पत्ता काढला. दुसऱ्या एका गावी त्याने स्वतःचे एक लेथ टाकले होते. आम्ही गेलो, चुकलो म्हणून सांगितले. तो थोडा वेळ जॉबवरून हात फिरवीत राहिला. मग विषय निघाला म्हणून आम्ही त्याला लव्हे यांच्या संशोधनाबद्दल सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे भाऊ, त्यांनी आमच्यासारख्यांचे मेंदू मोजले. पण संडासाच्या भिंतीवर ज्यांनी लिहिलं, त्यांचे कोणी मोजले का?"

तसे मोजमाप अजून आमच्या वाचनात आलेले नाही. माणूस माणसाकडे का ओढला जातो, याचा शोध चालू राहिला पाहिजे, कारण स्वतःला समजून घेण्याची इच्छा ही चांगली इच्छा आहे. पण माणूस माणसाला टेबलावरून का उठवतो, याचाही शोध झाला पाहिजे, आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. त्या टर्नरने आम्हांला जो पहिला प्रश्न विचारला होता, तो कारणांचा नव्हताच. माझ्या कामात खोट आहे का, एवढेच त्याने विचारले होते. नव्हती. तेवढ्या उत्तरावर आम्ही त्याच्या बाजूने उभे राहावयास हवे होते.

आता आमच्या संघटनेने व्यवस्थापनाशी करावयाच्या करारांच्या मसुद्यात एक कलम घातले आहे, की कामगाराच्या खाजगी आयुष्यावरून त्याच्यावर कारवाई होणार नाही. सभासदांनी सभेत बरेच प्रश्न विचारले, काही जण रागावले, दोघेतिघे हसले. कलम मंजूर झाले. व्यवस्थापनांकडून ते मान्य करून घेणे अजून बाकी आहे, आणि त्या कामी या सभेतील ज्यांना मदत करावीशी वाटेल त्यांनी व्याख्यानानंतर आम्हांला अवश्य भेटावे.

लव्हे यांची पुस्तके सोप्या इंग्रजीत आहेत. ती मराठीत यावीत, असे आम्हांला मनापासून वाटते. येथे बसलेल्या शिक्षकांपैकी कोणी ते काम अंगावर घेतले, तर शब्दकोश घेऊन शेजारी बसावयास आम्ही तयार आहोत.